घरच्या तेलाचा भाव

नाशिक जिल्ह्याच्या वायव्य टोंकास, सह्याद्रीच्या माथ्यावरून गुजरातच्या बाजूस उतरत जाणाऱ्या डोंगराळ मुलखांत सुरगाणा हें तालुक्याचें गांव आहे. १९४८ सालीं मुंबई प्रांतांत विलीन होईपर्यंत तें एका लहानशा मराठा संस्थानाची राजधानी होतें. नार आणि पार या नद्यांचा उगम याच टापूंत होतो आणि त्यांचें पाणी पश्चिमेकडे निघून जातें. वस्ती मुख्यतः कोकणा, वारली, महादेव कोळी आणि भिल्ल या लोकांची. पिकें भात, नागली, वरई आणि खुरासणी.

खनिज तेलाच्या इतिहासांत या गांवाचें नांव कोठें आढळत नाहीं. येथें तेलाची विहीर नाहीं कीं शुद्धीकरणाचा कारखाना नाहीं. तरीही देशांतल्या तेलाविषयीं आणि त्यावरील करांविषयीं जो वाद शंभर वर्षांहून अधिक काळ चालला आहे, तो समजून घेण्यास सुरगाण्यासारखें ठिकाण फार सोयीचें आहे. कायदे दिल्लीस होतात, तेल मुंबईस उतरतें, परंतु कराचा शेवटचा पैसा ज्याच्या कनवटीस असतो तो मनुष्य अशा गांवीं राहतो.

वाद वरून गुंतागुंतीचा दिसला तरी त्याचें मूळ साधें आहे. आपल्या भूमींतून अथवा आपल्या समुद्रांतून एक पिंप तेल काढण्यास कांहीं एक खर्च येतो. जगाच्या बाजारांत त्याच पिंपास पुष्कळदां त्याहून बरीच अधिक किंमत येते. हा जो मधला फरक, तो कोणाचा? दिवा लावणाऱ्याचा, तेल शोधणाऱ्याचा, ज्या प्रदेशांत तेल सांपडलें त्या प्रदेशाचा, कीं अवघ्या देशाच्या खजिन्याचा? ज्या त्या काळानें या प्रश्नाचें आपापलें उत्तर दिलें आहे.

सुरगाण्याच्या घरास तेल ही वस्तु कांहीं नवी नव्हती. खुरासणीचें तेल घाण्यावर निघे. मोहाच्या बियांचें तेल लोक घरींच काढीत. तें खाण्यासही चाले आणि दिव्यासही चाले. त्याचा भाव ठरविण्यासाठीं कोणतीही समिती बसल्याचा दाखला नाहीं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत पत्र्याच्या डब्यांतून परदेशचें खनिज तेल आलें आणि हां हां म्हणतां घरोघर शिरलें. इंग्रजींतील ‘रॉक ऑइल’ या शब्दाचें मराठी जिभेनें रॉकेल केलें, ‘गॅस लाइट’चें घासलेट केलें, आणि पत्र्याच्या धुरकट दिव्यास चिमणी असें गोजिरें नांव दिलें. वास्तविक त्या दिव्यांत गोजिरें असें कांहीं नव्हतें. त्याच्या काजळीनें घराचे वासे काळे झाले. परंतु तेल स्वस्त होतें आणि उजेड बरा होता.

याच सुमारास आपल्या भूमींतही तेल सांपडलें होतें. आसामांत दिग्बोई येथें १८८९ सालीं विहिरीस तेल लागलें आणि १९०१ सालीं तेथें शुद्धीकरणाचा कारखाना सुरू झाला. मात्र घरचें म्हणून तें तेल गिऱ्हाइकास स्वस्त मिळालें नाहीं. बाजार ज्यांच्या हातीं होता त्या परदेशी कंपन्यांची भाव बांधण्याची रीत मोठी चमत्कारिक होती. दूरच्या बंदरांतील भाव घ्यावा, त्यांत तेथून येथवरचें जहाजभाडें मिळवावें, विमा मिळवावा, बंदरावरील जकात मिळवावी, आणि जी बेरीज येईल ती सर्व तेलास लावावी. मग तें तेल देशांतल्याच विहिरीचें कां असेना! जें जहाज कधीं सुटलेंच नाहीं त्याचें भाडें लोक भरीत होते.

सुरगाण्याच्या प्रजेची गोष्ट आणखी निराळी होती. सागरी जकात हिंदुस्थान सरकार बंदरावर वसूल करी. रॉकेलचा डबा डोंगर ओलांडून सुरगाण्यास पोंचे तेव्हां ती जकात त्याच्या किंमतींत मिसळलेली असे. संस्थानी प्रजेनें जकात भरावी, परंतु संस्थानच्या खजिन्यास तींतला छदामही मिळूं नये, ही संस्थानिकांची जुनी तक्रार होती. १९२७ सालीं नेमलेल्या बटलर समितीपुढें ती आग्रहानें मांडण्यांत आली आणि १९२९ च्या अहवालांत समितीनें तींत तथ्य असल्याचें मान्यही केलें. मोठ्या संस्थानांचा खजिना या वादांत पुढें होता. चिमणीपुढें बसलेल्या प्रजेची बाजू मांडावयास तेथें कोणी गेलें नव्हतें.

देशांत तयार होणाऱ्या तेलावर उत्पादन-कर बसला तो पहिल्या महायुद्धाच्या निकडीनें. १९१७ सालीं मोटारीच्या पेट्रोलवर तो प्रथम बसविण्यांत आला. त्या वेळीं मोटार ही श्रीमंतांची चैन असल्यामुळें त्याचें कोणास फारसें दुःख झालें नाहीं. पुढें १९२२ सालीं, अंदाजपत्रकांत तूट आली तेव्हां, तोच कर रॉकेलवर आला. पेट्रोलपासून रॉकेलपर्यंत, म्हणजे बंगल्यापासून झोंपडीपर्यंत, येण्यास कराला अवघीं पांच वर्षें लागलीं. युद्ध संपलें, कर राहिला. करांच्या इतिहासांत ही गोष्ट इतक्या वेळां घडली आहे कीं तिचें आश्चर्य वाटूं नये.

या वादाचा पुढचा अंक मराठी मुलखांत घडला, आणि तो आज बहुतेकांच्या विस्मरणांत गेला आहे. १९३५ च्या कायद्यानें प्रांतांस स्वायत्तता मिळाली, परंतु पैशाच्या नाड्या बव्हंशीं मध्यवर्ती सरकारच्याच हातीं राहिल्या. शाळा, दवाखाने, रस्ते हीं कामें प्रांतांकडे. दारूबंदीचें धोरण स्वीकारल्यामुळें अबकारीचें उत्पन्न घटणार तेंही प्रांतांचेंच. अशा स्थितींत १९३८ सालीं नागपूर ही ज्याची राजधानी त्या मध्यप्रांत व वऱ्हाडच्या सरकारनें एक कायदा केला आणि पेट्रोल व वंगणाच्या किरकोळ विक्रीवर शेंकडा पांच कर बसविला. मध्यवर्ती सरकारनें हरकत घेतली. देशांत तयार झालेल्या मालावर उत्पादन-कर घेण्याचा अधिकार केवळ आमचा. विक्रीवरचा कर हा वेष पालटून आलेला उत्पादन-करच होय, असें त्याचें म्हणणें. प्रांताचें उत्तर असें कीं, माल तयार होणें ही एक घटना आणि तो दुकानांत विकला जाणें ही दुसरी घटना. दुसऱ्या घटनेवरील कर कायद्यानेंच प्रांतांकडे सोंपविला आहे.

नव्यानें स्थापन झालेल्या फेडरल कोर्टापुढें आलेलें हें पहिलेंच प्रकरण होतें. सरन्यायाधीश सर मॉरिस ग्वायर, सर शाह सुलेमान आणि मुंबईचे विख्यात कायदेपंडित मुकुंदराव जयकर हे तिघे न्यायासनावर होते. तिघांनींही प्रांताच्या बाजूनें कौल दिला. या निर्णयाचें महत्त्व त्या पांच टक्क्यांहून फार मोठें आहे. एकाच तेलावर मध्यवर्ती सरकारनें उत्पादनाच्या वेळीं आणि प्रांतानें विक्रीच्या वेळीं कर घ्यावा, ही जी दुहेरी व्यवस्था आजच्या गिऱ्हाइकास परिचयाची आहे, तिच्यावर न्यायाचें शिक्कामोर्तब या प्रकरणांत झालें. प्रांतांस हक्काचें उत्पन्न मिळालें हें योग्यच झालें. परंतु दोघांनीं मिळून किती घ्यावें याची मर्यादा कोणी घालून दिली नाहीं, आणि ती उणीव पुढें भासली.

स्वातंत्र्यानंतर तेलाकडे पाहण्याची दृष्टि बदलली. तुर्भ्यास परदेशी कंपन्यांचे दोन मोठे शुद्धीकरणाचे कारखाने १९५४ व १९५५ सालीं सुरू झाले. १९५६ सालीं तेल व नैसर्गिक वायु आयोग स्थापन झाला, आणि केशवदेव मालवीय यांनीं परदेशी तज्ज्ञांच्या नकारघंटेस न जुमानतां सोव्हिएट मदतीनें शोध चालविला. १९५८ मध्यें खंबायत येथें आणि १९६० मध्यें अंकलेश्वर येथें तेल लागलें. अंकलेश्वरच्या विहिरीस पंडित नेहरूंनीं ‘वसुधारा’ असें नांव ठेविलें. दूरच्या बंदराचा भाव सर्व तेलास लावण्याच्या जुन्या रीतीस पहिला लगाम १९६१ च्या दामले समितीनें घातला.

अंकलेश्वरनें एक नवा प्रश्न उभा केला. जमिनींतून निघणाऱ्या तेलावर स्वामित्वशुल्क, ज्यास रॉयल्टी म्हणतात, तें त्या त्या राज्यास मिळतें. आसामास मिळूं लागलें, गुजरातेस मिळूं लागलें. मग १९७४ चा फेब्रुवारी महिना उजाडला. ‘सागर सम्राट’ या वेधन-जहाजानें मुंबईपासून सुमारें १६० किलोमीटरवर समुद्राच्या तळाखालीं तेल शोधून काढलें आणि मुंबई हाय हें नांव सर्वतोमुखीं झालें. २१ मे १९७६ पासून तेल निघूं लागलें. पुढें दोन वर्षांनीं समुद्रतळाखालून नळ टाकून तें उरणास आणण्यांत आलें. उरण महाराष्ट्रांत, जहाजें मुंबईच्या बंदरांत, कामगारांची हेलिकॉप्टरें मुंबईहून सुटणारीं. परंतु समुद्रांतील तेलाचें स्वामित्वशुल्क महाराष्ट्रास नाहीं. घटनेच्या २९७ व्या कलमान्वयें सागरी हद्दींतील खनिज संपत्ति ही संघराज्याची आहे, आणि १९७६ च्या दुरुस्तीनें तें अधिकच स्पष्ट करण्यांत आलें. हा न्याय कीं अन्याय? किनारा ज्याचा त्याचा समुद्र, असें म्हटलें तर ज्या प्रांतास किनाराच नाहीं त्यानें काय करावें? संघराज्याची मालकी हाच येथें अधिक रास्त विचार दिसतो. मात्र मालकी सर्वांची म्हटल्यावर फळ सर्वांपर्यंत पोंचलें पाहिजे, ही अट त्या विचारांतच गर्भित आहे.

तेल लागलें ती वेळही विलक्षण होती. १९७३ च्या ऑक्टोबरांतील अरब-इस्रायल युद्धानंतर थोड्याच महिन्यांत जगांत तेलाचा भाव पिंपास सुमारें तीन डॉलरांवरून बारा डॉलरांच्या घरांत गेला होता. १९७४ सालींच संसदेनें तेल उद्योग विकासाचा कायदा केला आणि देशांत निघणाऱ्या अशुद्ध तेलावर टनामागें ६० रुपये उपकर बसविला. हेतु उत्तम होता: घरच्या तेलावर घेतलेला पैसा नव्या तेलाच्या शोधास व या उद्योगाच्या वाढीस लावावा. उपकर वाढत गेला. १९८३ सालीं ३००, १९८७ सालीं ६००, १९८९ सालीं ९००, २००२ सालीं १,८००, २००६ सालीं २,५००, २०१२ सालीं ४,५०० रुपये. आणि २०१६ पासून किंमतीच्या शेंकडा वीस. आतां हा पैसा प्रथम देशाच्या एकत्रित निधींत जमा होतो आणि संसदेच्या मंजुरीनें विकास मंडळाकडे वळता व्हावयाचा असतो. मंडळाकडे १९९१-९२ पर्यंत सगळे मिळून सुमारें ९०२ कोटी रुपये आले आणि त्यानंतर कित्येक वर्षें कांहींही आलें नाहीं. वसुली मात्र हजारों कोटींनीं चालूच होती. विहिरीच्या नांवानें वर्गणी गोळा करून तिनें गांवचीं इतर देणीं भागवावीं, त्यांतलाच हा प्रकार. तीं देणींही खरींच असतील. परंतु मग वर्गणीस विहिरीचें नांव कशास?

इकडे साठा किती वेगानें उपसावा हा दुसरा वाद चालूं होता. परकीय चलनाची टंचाई पाठीस लागलेली, म्हणून जितकें निघेल तितकें काढावें, हा एक पक्ष. भूगर्भांतील दाब सांभाळून, बेतानें काढलें तर अंतीं अधिक मिळेल, हा दुसरा. १९८० नंतरच्या दशकांत पहिला पक्ष वरचढ ठरला. १९८९ च्या सुमारास एकट्या मुंबई हायमधून दिवसास चार लाखांहून अधिक पिंपें निघत होतीं. १९८९-९० सालीं देशाचें एकंदर उत्पादन ३ कोटि ४० लाख टनांपर्यंत गेलें. तीनच वर्षांत तें २ कोटि ७० लाख टनांवर घसरलें, आणि उपशाची घाई नडली असें तज्ज्ञ उघड म्हणूं लागले. त्या समुद्रांत माणसांचेंही मोल द्यावें लागलें आहे. २७ जुलै २००५ रोजीं एका फलाटास लागलेल्या आगींत २२ जणांचे प्राण गेले.

मग सुरगाण्याच्या दिव्याचें काय झालें? न्यायानें सांगावयाचें तर एका काळीं समुद्रांतील तेलाचा फायदा त्या दिव्यापर्यंत खरोखरच धाडण्यांत आला होता. शिधापत्रिकेवरील रॉकेलचा भाव सरकारनें मुद्दाम खालीं ठेविला होता, आणि २००३-०४ पासून पुढें सुमारें दहा-अकरा वर्षें घरचें तेल काढणाऱ्या सरकारी कंपन्यांना आपलें तेल सवलतीनें देऊन त्या तोट्याचा भार उचलावा लागत असे. भार इतरांवरही पडे. या सवलतीमुळें आपलें स्वामित्वशुल्क घटतें म्हणून गुजरात सरकार न्यायालयांत गेलें, आणि २०१३ सालीं तेथील उच्च न्यायालयानें शुल्क सवलतीपूर्वीच्या भावावर द्यावें असा निर्णय दिला. म्हणजे मघां विचारलेल्या प्रश्नाचें उत्तर त्या दशकापुरतें ‘दिवा लावणाऱ्याचा’ असें होतें.

परंतु निघालेलें सगळें तेल दिव्यापर्यंत पोंचलें नाहीं. नॅशनल कौन्सिल ऑफ अप्लाइड इकॉनॉमिक रिसर्च या संस्थेच्या २००५ सालच्या पाहणींत शिधावाटपाच्या रॉकेलपैकीं सुमारें ३८ टक्के वाटेंतच अन्यत्र जातें असें आढळलें. कारण उघड होतें. डिझेलचा भाव या रॉकेलच्या तिपटीहून अधिक. दोन्हीं तेलें एकमेकांत सहज मिसळणारीं. ओळख पटावी म्हणून रॉकेलला निळा रंग दिला, पण रंगानें चोर थांबत नाहीं. मुंबईच्या कारखान्यांतून निघणारें तेल नळावाटे मनमाडपर्यंत येतें आणि जवळच पानेवाडीस कंपन्यांचे मोठे साठे आहेत. सुरगाणा ज्या नाशिक जिल्ह्याच्या एका टोंकास, त्याच जिल्ह्याच्या दुसऱ्या बाजूस हें ठाणें. २५ जानेवारी २०११ रोजीं, प्रजासत्ताक दिनाच्या आदल्या दिवशीं, मालेगांवचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांनीं त्या भागांत चाललेली तेलाची चोरी भर दिवसा पकडली. तेव्हां तेथें त्यांना जिवंत जाळण्यांत आलें. दोन दिवसांनीं राज्यभरच्या सरकारी नोकरांनीं काम बंद ठेविलें. गरिबाच्या चिमणीसाठीं म्हणून जो भाव खालीं ठेविला, त्याच्या आणि डिझेलच्या भावाच्या दरम्यान एक चोरवाट तयार झाली होती, आणि ती अडवूं गेलेल्या कर्तव्यदक्ष अधिकाऱ्यानें आपला प्राण दिला. स्वस्ताईची ही किंमत अर्थसंकल्पाच्या कोणत्याच रकान्यांत आली नाहीं.

त्यानंतरचा इतिहास बहुतेकांच्या आठवणींत आहे. सरकारी भावबंधनाची व्यवस्था १ एप्रिल २००२ रोजींच औपचारिक रीत्या संपली होती. पेट्रोलचा भाव जून २०१० मध्यें आणि डिझेलचा ऑक्टोबर २०१४ मध्यें खरोखर मोकळा झाला. लगेच जगांत तेल उतरलें. नोव्हेंबर २०१४ पासून जानेवारी २०१६ पर्यंत केंद्रानें उत्पादन-कर नऊ वेळां वाढविला, तो पेट्रोलवर लिटरामागें ११ रुपये ७७ पैसे आणि डिझेलवर १३ रुपये ४७ पैसे. याच काळांत, १ ऑक्टोबर २०१५ पासून, महाराष्ट्र सरकारनें दुष्काळनिवारणासाठीं लिटरामागें दोन रुपये बसविले. २०२० च्या वसंतांत महामारीमुळें तेल कवडीमोल झालें. तेव्हां सरकारनें विशाखापट्टण, मंगळूर व पडूर येथील, ५३ लाख टन सांठवूं शकणाऱ्या भूगर्भांतील कोठारांत स्वस्त तेल भरून घेतलें, हें शहाणपणाचें झालें. परंतु मे महिन्यांत पेट्रोलवर आणखी दहा आणि डिझेलवर तेरा रुपये कर चढला. उतरलेल्या भावाचा लाभ खजिन्यानें घ्यावा आणि चढलेल्या भावाचा ताप गिऱ्हाइकानें सोसावा, अशी ही वांटणी झाली. २०२१ व २०२२ सालीं महागाई असह्य झाल्यावर त्या करांत कपात करावी लागली. केंद्राच्या या करांपैकीं मोठा भाग उपकर व अधिभार या नांवांखालीं असल्यामुळें राज्यांस त्यांत वांटा नव्हता. म्हणून राज्यें आपला विक्रीकर सोडावयास तयार होत नाहींत. १ जुलै २०१७ रोजीं वस्तु व सेवा कर आला तेव्हां पेट्रोल, डिझेल व अशुद्ध तेल त्याच्या बाहेर ठेविण्यांत आलें, आणि सप्टेंबर २०२१ मध्यें लखनौ येथें परिषदेपुढें विषय निघाला असतां ‘अद्याप वेळ आलेली नाहीं’ असा निर्णय झाला.

घरच्या तेलाच्या फरकावर सरकारनें सरळ हात घातला तो १ जुलै २०२२ रोजीं. युक्रेनच्या युद्धानें जगांत भाव भडकले होते. देशांत तेल काढणाऱ्यांचा खर्च तोच, किंमत मात्र भलतीच वाढलेली. तेव्हां या अकल्पित लाभावर टनामागें २३,२५० रुपये कर बसला. भावाप्रमाणें तो दर पंधरवड्यास वरखालीं होत राहिला आणि डिसेंबर २०२४ मध्यें रद्द झाला. कर म्हणून तो मुळांतच वाईट नव्हता. त्यानें निदान खरें नांव धारण केलें होतें.

सुरगाण्यास आतां चिमणी फारशी दिसत नाहीं. शिधावाटपाच्या रॉकेलवरील केंद्राचें अनुदान मार्च २०२० पासून बंद झालें. २०१६ पासून उज्ज्वला योजनेंत गॅसच्या टाक्या आल्या. बोरगांवच्या बाजूस स्ट्रॉबेरी पिकूं लागली असून तिच्या पेट्या डिझेलवर चालणाऱ्या गाड्यांतून बाजारास जातात. डिसेंबर २०२२ मध्यें तालुक्यांतील सीमेवरच्या कांहीं गांवांनीं, रस्ते, पाणी व दवाखाना यांची आबाळ होते म्हणून आम्हांस गुजरातेंत घालावें, असें निवेदन तहसीलदारांस दिलें. त्या गांवांचा बराचसा बाजारहाट पूर्वीपासूनच पलीकडे चालतो. पलीकडे पेट्रोलही गेलीं कित्येक वर्षें कांहीं रुपयांनीं स्वस्त आहे. त्यावर केंद्राचा कर दोन्हीं बाजूंस सारखाच आहे. अंतर पडलें आहे तें मुख्यतः राज्यांच्या विक्रीकराचें, म्हणजे १९३८ सालीं नागपूरनें जिंकलेल्या त्या अधिकाराचें.